घरच्या घरी बोरघाट

साहित्य: आठ बाय चारचा एकोणीस एमएमचा प्लाय एक, रूळ अठरा फूट (पुढे वाढतात), इंजिन एक, डबे परवडतील तितके, बारा व्होल्टचा कंट्रोलर, लाल आणि काळी वायर, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि कोणी काही बोलणार नाही अशी एक खोली. यातलं शेवटचं बाजारात मिळत नाही. आमच्याकडे ते आईच्या खोलीत मिळालं, कारण आईला कमी ऐकू येतं असा आमचा समज होता.

लागणारा वेळ: दोन शनिवार-रविवार. (ही ओळ मी तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे.)

आधी प्रमाण ठरवा. नवशिक्याने एचओ घ्यावं, म्हणजे सत्त्याऐंशी फुटांचा एक फूट. त्यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे भारतीय इंजिन या रुळांवर उभं केलं की ते पावणेतीन मिलिमीटरने खोटं ठरतं. छंदातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही, जशी लग्न ठरवताना मुलाची उंची.

प्लाय लिफ्टमध्ये मावत नाही. दुकानातच मधोमध कापून घ्या, वर नेऊन पुन्हा जोडा. हा सांधा लक्षात ठेवा. तो तुम्हाला लक्षात ठेवणारच आहे.

आता स्वप्नं आवरा. सोळा डब्यांची डेक्कन क्वीन एचओमध्ये इंजिनासकट जवळजवळ पंधरा फूट भरते. अठरा इंच त्रिज्येची वळणं घेऊन या प्लायवर रुळांचा फेरा होतो जेमतेम अठरा फुटांचा. ड्रायव्हरला समोर तीन फुटांवर स्वतःचाच शेवटचा डबा दिसेल. चार डबे लावा आणि पुढे चला.

घाटाचंही तसंच. बोरघाटाचा चढ सदतीसला एक. एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर निदान तीन इंच उंची लागते. या चढाने तीन इंच चढायला सव्वानऊ फूट, उतरायला तेवढेच, बेरीज साडेअठरा. फेरा अठरा फुटांचा. मी हे गणित चारदा केलं, दर वेळी अर्धा फूट कमीच पडला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६३ साली हा घाट खुला केला. कष्ट अफाट झाले असतील, पण त्यांना सह्याद्री दुकानातून मधोमध कापून आणावा लागला नव्हता. पूल रद्द करा. नुसता डोंगर करा. २०१८ च्या बंदीआधीचा मखराचा थर्माकोल माळ्यावर असतोच.

आता वायरिंग. इथवर तुम्ही सुतार होतात, इथून पुढे आडवं व्हायचं. प्लायखाली पाठीवर झोपा. उशी घेऊ नका, डोळा लागतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल-काळ्या जाड वायरीची जोडी न्या. तिला बस म्हणतात. (‘बसचं काम चाललंय’ असं घरात सांगू नका. ‘मग रेल्वेचं काय झालं?’ हा प्रश्न येतो.) दर तीन फुटांवर रुळाच्या कडेला बारीक वायरीला डाग द्या, ती भोकातून खाली सोडा आणि बसला जोडा. वरती आयर्न जास्त वेळ टेकवलंत तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. खाली चष्मा लावा, कारण तुम्ही खाली, डाग वर आणि वितळलेलं सोल्डर सरळ खाली येतं.

नवशिके म्हणतात, रूळ एकमेकांना जोडलेलेच आहेत, एका जागी वीज दिली की पुरे. पुरत नाही. जोडपट्ट्या ढिल्या पडतात. शिवाय रूळ ‘निकेल सिल्व्हर’चे, चांदी फक्त नावात, आत तांबं, निकेल आणि जस्त. तांब्याच्या वायरीतून वीज जाते तशी त्यांतून जात नाही. मग कंट्रोलरजवळ गाडी डेक्कन क्वीन असते आणि पलीकडे पोचेपर्यंत पॅसेंजर होते.

वायर एकदम भरपूर आणा. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून मोजून आणली. लाल वायर रविवारी दुपारी संपली, कोपऱ्यावरचं दुकान बंद. घरात पिवळी होती. पिवळी म्हणजे लाल, हे लक्षात राहील असं म्हणालो. पुढच्या शनिवारी काळीही संपली.

गाडी वळून त्याच रुळावर परत यावी म्हणून तुम्ही टोकाला लूप घालाल. घालणारच. डावा रूळ लाल, उजवा काळा. रूळ गोल फिरून स्वतःलाच मिळाले की डावा उजव्याला भेटतो, म्हणजेच लाल काळ्याला, आणि कंट्रोलरचा दिवा जातो. उपाय आहे: लूपच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ तोडा, प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घाला, लूपबाहेरच्या रुळांची वीज उलटवायला वेगळा स्विच बसवा आणि गाडी आत असताना तो दाबायची आठवण ठेवा. खऱ्या घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावत. १९२९ मध्ये मार्ग बदलून त्यांनी ती भानगडच मिटवली. तुम्हीही लूप उखडा.

मी उखडला. तरी शॉर्ट गेला नाही. दोन दिवस एकेक वायर सोडवत गेलो, मल्टिमीटर टूं करतच होता. शेवटी बायकोने टॉर्च धरला. सांधे बदलायच्या पॉइंटवर, दोन रुळांच्या बेचक्यात, केसाएवढी तार चमकली. तिने ती चिमटीत धरून उजेडात फिरवली.

“अहो, ही घासणीची तार आहे.”

“हो का?”

“म्हणजे सिंकवरची घासणी तुम्ही नेलीत. आणि मी चार दिवस मावशींना बोलतेय!”

तर, रूळ तारेच्या घासणीने घासू नयेत. तुकडे अडकतात, इंजिनाच्या मोटरमधलं चुंबकही ते ओढून घेतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसावेत. मावशींची माफी वेगळी मागावी.

मधेच हताश झालात तर कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली उघडलेलं छोट्या रेल्वेंचं म्युझियम आहे, तिथे जा. तिथल्या गाड्या धावतात. मात्र मुलाला नेऊ नका. परतताना तो विचारतो, “बाबा, आपली कधी?”

आमची परवा रविवारी रात्री पावणेबाराला धावली. चार डबे, अर्धा फेरा. मग प्लायच्या सांध्यावर येऊन थांबली. अशा वेळी पुन्हा वायरिंग उघडू नका, मागून बोट लावा. खऱ्या घाटातही कर्जतला मागे जादा इंजिनं लावतात. मी अंधारात बोट लावून ढकलतच होतो, तेवढ्यात कॉटवरून आईचा आवाज आला.

“कर्जत आलं वाटतं. मागून इंजिन लागलं बघ. आता वड्यासाठी खाली उतरू नकोस, गाडी सुटेल.”