पुकारा झाला तेव्हा

दिवाणी अपील निकाली निघायचे दोन मार्ग. एकात न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून घेतात. दुसऱ्यात पट्टेवाला तुमचं नाव पुकारतो आणि तुम्ही तिथे नसता. आमच्या आप्पाकाकांचं बांधाचं अपील या दुसऱ्या, झटपट मार्गानं गेलं. रोजनाम्यात एवढंच: पुकारा केला, अपीलकार व वकील गैरहजर, अपील काढून टाकण्यात येते.

बांध कुणाचा, याबद्दल चकार शब्द नाही. वकील म्हणाले, तो असूच शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 17 खाली गैरहजेरीसाठी अपील काढून टाकता येतं, पण गुणदोषांवर निकाल देता येत नाही. 1976 च्या दुरुस्तीत तसं स्पष्टीकरणच घातलंय.

"म्हणजे मी हरलो नाही!" काका खूश.

"ते तुम्ही खालच्या कोर्टातच हरलाय."

उपाय नियम 19 चा. तीस दिवसांत अर्ज करायचा आणि गैरहजेरीचं पुरेसं कारण दाखवायचं. उशीर झाला तर त्या उशिराच्या माफीसाठी आणखी एक अर्ज, त्यालाही कारण.

कारण आमच्याकडे होतं, फक्त ते कागदावर शोभण्यासारखं नव्हतं. काका कोर्टाच्या आवारातच, टपरीवर चहा पीत होते. सोबत सामनेवाला, म्हणजे त्यांचा सख्खा पुतण्या बाळूदादा. चहाचे पैसेही त्यानंच दिलेले. बांधापुरतं वैर, बाकी घरोबा.

"प्रकृती अचानक बिघडली, असं लिहू," वकिलांनी सुचवलं.

"उभ्या जन्मात कधी आजारी पडलो नाही, तो आता कोर्टासाठी पडू?"

राहता राहिले स्वतः वकील. पुकारा झाला तेव्हा ते दुसऱ्या कोर्टात युक्तिवाद करत होते. मग सर्वोच्च न्यायालयाचा 1981 चा 'रफीक विरुद्ध मुन्शीलाल' निघाला: वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको. स्वतःची चूक एवढ्या तळमळीनं मांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच निकालात खर्चाचे 200 रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितलंय. तो परिच्छेद मात्र त्यांनी भरभर उलटला.

बाळूदादानं कडक म्हणणं दिलं. अपीलकार हेतुपुरस्सर गैरहजर होते, टपरीवर निवांत चहा पीत होते.

"तुम्हाला कसं कळलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शेजारीच होतो, साहेब."

अपील पुन्हा दाखल झालं, बाळूदादाला 500 रुपये खर्च देण्याच्या अटीवर. काकांनी तिथेच नोट पुढे केली. बाळूदादाचा हातही पुढे आला, पण त्याच्या वकिलानं तो मागे ओढला. पैसे घेतले तर आदेश मान्य केल्यासारखं होतं, मग वर जाऊन त्याविरुद्ध भांडायचं कुठल्या तोंडानं?

शेवटी रक्कम कोर्टात भरली. आता ती काढून घ्यायला बाळूदादाला अर्ज करावा लागेल आणि त्यावर आमचं म्हणणं मागवतील. काकांनी ते लिहायला घेतलंय.