उशाशी बसलेला वॉचमन

स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाला सकाळी उठल्याउठल्या, रात्रभर मास्कमधून हवा ढकलणाऱ्या सीपॅप यंत्राच्या पडद्यावर एक आकडा दिसतो. 2.8, 4.1, रात्र वाईट गेली असेल तर 9. झोपेत श्वास दर तासाला सरासरी किती वेळा अडला किंवा रोडावला, त्याचा हा हिशेब. त्याला एएचआय म्हणतात. निदानाच्या वेळी 5 ते 15 म्हणजे आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. उपचार सुरू झाल्यावर आकडा 5 च्या आत राहिला की ठीक चालले आहे असे समजतात. काही यंत्रांवर मास्क नीट बसल्याबद्दल हसरा चेहराही उमटतो. शाळा सुटल्यापासून कोणी शाबासकी दिलेली नसल्याने पुष्कळ प्रौढ माणसे त्या चेहऱ्यावर दिवस काढतात. हा आकडा यंत्राने काढला कसा, ही चौकशी मात्र आकडा बिघडल्याशिवाय सुरू होत नाही.

यंत्र येण्यापूर्वी हे मोजमाप शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीकडे असे आणि त्याचे उपकरण म्हणजे कोपर. घोरण्याचा आवाज चालू आहे तोवर कोपर स्वस्थ असते. आवाज एकाएकी बंद पडला, दहा सेकंद गेले, वीस गेले, तरी काही हालचाल नाही, की ते बरगडीत बसते. श्वास सुरू होतो. उपकरण म्हणून कोपरात खोट काढण्यासारखे फारसे नाही. शांतता घोरण्यापेक्षा धोक्याची, हे वैद्यकशास्त्राच्या आधी त्याला कळले होते. अडचण नोंदींची. कोपर रजिस्टर ठेवत नाही, आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो सकाळी ‘‘मी? घोरतो?’’ असे विचारून सगळा निकालच फेटाळतो.

आजाराचे कारण साधे आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि काही जणांचा श्वासमार्ग पूर्ण मिटतो. 1980 पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच, गळ्याला भोक पाडून नळी बसवणे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि हवा ओढण्याऐवजी नाकात ढकलायला लावली. हवेच्या दाबाने घसा उघडा राहिला. पाच रुग्णांवरचा हा प्रयोग 1981 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घोरणे थांबवण्यासाठी उशाशी व्हॅक्यूम क्लीनर चालवायचा, या सौद्याबद्दल घरच्या मंडळींचे म्हणणे लॅन्सेटने छापले नाही.

ते पहिले यंत्र फुंकर घाले, मोजत काही नसे. पुढे यंत्रांनी मोजायला घेतले ते आधी रुग्णाचा श्वास नव्हे, त्याचा खरेपणा. 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 35 रुग्णांच्या यंत्रांत त्यांना न सांगता मोजणीयंत्र बसवले होते. मास्कमध्ये खरोखर दाब आहे की नाही, हे ते दर मिनिटाला टिपत राहिले. 60 टक्के रुग्णांनी ‘रोज रात्री लावतो’ असे सांगितले होते. निदान 70 टक्के दिवस, निदान चार तास, एवढी माफक अट लावली तेव्हा 35 पैकी 16 जण तिच्यात बसले. चार तास आणि 70 टक्के हे आकडे पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर विमा योजनेच्या नियमांतही दिसतात. यंत्र किती तास चालले, ही आजच्या यंत्रांची सर्वांत भरवशाची नोंद आहे. श्वासाच्या नोंदी त्यानंतर आल्या आणि त्यांचा भरवसा थोडा उतरता आहे.

त्याचे कारण यंत्राच्या जागेत आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर बसलेल्या वॉचमनला आत कोण गेले, बाहेर कोण पडले, एवढेच दिसते. तिसऱ्या मजल्यावर भांडण चालले आहे की सत्यनारायण, हे त्याला कळत नाही. सीपॅप यंत्र असेच नळीच्या टोकाला बसलेले असते. त्याच्याजवळ दोन गोष्टी आहेत, हवेचा दाब आणि हवेचा प्रवाह. मास्कला उच्छ्वास बाहेर टाकण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोके असतात, त्यांतून सतत हवा जाते. गालाजवळच्या फटीतून जाते ती वेगळी. या सगळ्या गळतीचा अंदाज करून यंत्र ती एकूण प्रवाहातून वजा करते आणि उरते त्याला रुग्णाचा श्वास म्हणते. मापातून अंदाज वजा करून निघालेली ही वस्तू पडद्यावर येते तेव्हा तिला एक दशांश स्थळ असते.

निद्रा प्रयोगशाळेतली तपासणी, पॉलिसोम्नोग्राफी, याच्या अगदी उलट. तिथे वॉचमनला सगळ्या घरांच्या किल्ल्या दिलेल्या असतात. डोक्याला मेंदूच्या लहरींच्या तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीला, पायाला, छातीला तारा. छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. एवढे लेऊन माणसाने नेहमीसारखे झोपावे अशी अपेक्षा असते. दिवाळीच्या आकाशकंदिलालासुद्धा इतकी वायर लागत नाही. मग तंत्रज्ञ रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकावर निर्णय देतो. प्रवाह निदान 90 टक्के घटून निदान दहा सेकंद तसाच राहिला तर तो ॲप्निया. निदान 30 टक्के घटला आणि सोबत रक्तातला ऑक्सिजन 3 टक्के उतरला किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, तर हायपॉप्निया, म्हणजे अर्धवट अडथळा.

यातल्या दुसऱ्या व्याख्येपाशी उशाचे यंत्र अडते. ऑक्सिजनचा चिमटा बहुधा त्याला जोडलेला नसतो आणि मेंदू तर दिसतच नाही. मग प्रत्येक कंपनीने प्रवाहावरून चालेल अशी आपापली व्याख्या केली. एका कंपनीच्या यंत्रात प्रवाह नेहमीच्या 25 टक्क्यांखाली गेला की ॲप्निया, दुसरीच्या यंत्रात 20 टक्क्यांखाली, प्रयोगशाळेत 10 टक्क्यांखाली. जुन्या काळी एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारात शेर राहत नसे, त्यातला हा प्रकार. यंत्र बदलताच आकडा दोनाने उतरला म्हणून पेढे वाटण्यापूर्वी माप कोणत्या पेठेचे आहे, ते पाहावे लागते.

प्रयोगशाळेनेही फार ताठ मानेने बोलावे अशी परिस्थिती नाही. मेलबर्नमध्ये 328 रुग्णांच्या त्याच त्या रात्रींच्या नोंदी हायपॉप्नियाच्या तीन मान्य व्याख्यांनी मोजून पाहिल्या, तेव्हा एएचआयचा मध्यक एका व्याख्येने 8.3, दुसरीने 14.9 आणि तिसरीने 25.1 निघाला. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे तीच, झोप तीच, श्वासही तेच. आजार मात्र सौम्यापासून निघून मध्यमाच्या पार मध्यापर्यंत गेला. तेव्हा यंत्राचा आकडा खऱ्या आकड्याशी ताडून पाहायचा म्हटले, तर खरा कोणता, हा प्रश्न आधी उभा राहतो.

खरी गंमत भागाकारात आहे. एएचआय म्हणजे एकूण घटना भागिले तास. प्रयोगशाळा झोपेच्या तासांनी भागते. माणूस झोपला आहे की छताकडे बघत पडला आहे, हे यंत्राला ठाऊक नसल्याने ते मास्क लावलेल्या तासांनी भागते. समजा, एका गृहस्थाने रात्री साडेदहाला मास्क चढवला आणि सकाळी साडेसहाला काढला, म्हणजे आठ तास. त्यातले अडीच तास मुलीच्या लग्नाचा खर्च मनात मांडण्यात गेले. झोप झाली साडेपाच तास. रात्रीत 32 घटना घडल्या. यंत्र म्हणते, 32 भागिले 8, म्हणजे 4, प्रकृती उत्तम. प्रयोगशाळा म्हणाली असती, 32 भागिले साडेपाच, म्हणजे 5.8, अजून आजार शिल्लक आहे. पुढच्या महिन्यात हॉलचे भाडे वाढले आणि झोप आणखी तासाने घटली, तर बहुधा घटनाही कमी होतील, आणि यंत्राच्या लेखी गृहस्थ आणखी सुधारतील. निद्रानाशाने स्लीप ॲप्निया बरा होतो, असा निष्कर्ष काढणारे हे एकमेव उपकरण असावे.

चूक उलट्या बाजूनेही होते. जागा माणूस कूस बदलताना श्वास रोखतो, आवंढा गिळतो, दीर्घ सुस्कारा सोडून थोडा थांबतो. डासाच्या गुणगुणीचा नेमका ठाव घेण्यासाठी तर श्वास रोखावाच लागतो. दहा सेकंद भरले की यंत्र ही नोंद इमानेइतबारे करते आणि डासाचे खाते रुग्णाच्या नावावर पडते. झोप लागण्याच्या उंबरठ्यावर श्वास निसर्गतःच थोडा डळमळतो, तोही या हिशेबात येतो.

श्वास थांबण्याचे प्रकार दोन. घसा मिटल्याने थांबतो तो अवरोधी. घसा उघडा असूनही मेंदूने हुकूमच दिला नाही, तो केंद्रीय. प्रयोगशाळेत छाती-पोटाच्या पट्ट्यांवरून फरक कळतो: छाती धडपडते आहे पण हवा नाही, तर दार बंद, छातीही स्वस्थ, तर घरात हलणारेच कोणी नाही. यंत्राला पट्टे नाहीत, म्हणून ते दार वाजवून पाहते. काही यंत्रे श्वास थांबून काही सेकंद झाले की दाबात सेकंदाला चार या गतीने बारीक थरथर पाठवतात, एक सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी. काही यंत्रे थोडे मोठे, सुटे धक्के देतात. थरथरीबरोबर हवाही आत-बाहेर हलली तर वाट उघडी आहे. दाब चढूनही हवा हलली नाही तर बंद. अडचण अशी, की केंद्रीय प्रकारातही घसा कधीकधी मिटतो. तेव्हा यंत्र त्याला अवरोधी ठरवते, आणि दाब आपोआप बदलणारे मशीन असेल तर नसत्या ठिकाणी जोर लावते. गळती फार असेल तर थरथर मास्कच्या फटीतूनच निसटते. मग नोंद ‘अज्ञात’ या रकान्यात जाते. सरकारी तक्त्यांतल्या ‘इतर’ रकान्याचा हा सख्खा भाऊ.

गळतीचा उपद्रव एवढ्यावर थांबत नाही. झोपेत तोंड उघडले, मास्क नाकावरून कानाकडे सरकला, की वॉचमनसमोर जत्राच जमते. कोण आले, कोण गेले, काही कळेनासे होते. अशा वेळी बरीच यंत्रे मोजणीच सोडून देतात. अहवालात त्या तासाला एकही घटना दिसत नाही आणि तो तास सगळ्या रात्रीत सुंदर वाटतो. म्हणून जाणकार डॉक्टर एएचआयच्या आधी गळतीचा आकडा पाहतात.

यंत्रे आणि प्रयोगशाळा एकाच रात्री एकाच रुग्णाला लावून केलेल्या तुलनांतून जे दिसते, ते यानंतर अनपेक्षित वाटत नाही. पूर्ण श्वासरोध यंत्रे बऱ्यापैकी बरोबर पकडतात; अर्धवट अडथळ्यांत घसरतात. आकडा फारच मोठा असेल तर काहीतरी बिघडले आहे हे बहुधा खरे असते, आणि अगदी लहान असेल तर बहुधा सारे ठीक असते. भांडण मधल्या आकड्यांचे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2013 मध्ये याविषयी अधिकृत निवेदन काढले. वापराच्या तासांवर विश्वास ठेवता येतो, उरलेल्या घटना आणि गळती यांचे आकडे वाचणे तितके सोपे नाही आणि कंपन्यांच्या व्याख्या एकसारख्या नाहीत, असे त्याचे म्हणणे. परवाचे 3.1 आणि कालचे 3.9 यांत शोधण्याजोगे काहीही नाही. तीन आठवडे 3 च्या आसपास असलेला आकडा पुढचे तीन आठवडे 11 राहिला, तर आहे.

शिवाय एएचआय ही नुसती मोजदाद आहे. अकरा सेकंदांचा अडथळा एक आणि सत्तर सेकंदांचाही एकच. एकेरी धाव आणि षटकार या धावफलकावर सारखेच लागतात. साडेनऊ सेकंद श्वास थांबला तर फलक हलतच नाही.

आकड्यामागचा तपशील बऱ्याच यंत्रांच्या कार्डावर असतो. काहींत प्रवाहाची नोंद सेकंदाला 25 वेळा होते आणि ‘ऑस्कर’ नावाच्या मोफत संगणक प्रणालीत तिचा आलेख उलगडता येतो. काही रुग्ण रोज सकाळी चहाबरोबर तो वाचतात. पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी लागलेल्या दोन खुणांपाशी लाट मोठी करून पाहिली, तर आधी एक खोल, वेडावाकडा श्वास दिसतो, मग सपाट रेघ, मग पुन्हा तसाच वेडावाकडा श्वास. झोपेतल्या अडथळ्याचा आकार असा सहसा नसतो; माणूस कुशीवर वळत होता. कुंडली मांडण्याची वृत्ती असलेल्यांना हा छंद फार लवकर जडतो, आणि त्यांच्या झोपेचे तास कमी होऊन एएचआय सुधारतो.

आकडा चांगला आणि रुग्ण मात्र पेंगुळलेला, असे झाले तर डॉक्टर रात्रभर ऑक्सिजन मोजतात किंवा पुन्हा प्रयोगशाळेत पाठवतात. त्याआधी एक कागद भरून घेतात, एपवर्थ स्केल. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये तयार केलेल्या या कागदावर आठ प्रसंग आहेत. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला रुग्णाने स्वतः 0 ते 3 गुण द्यायचे. बेरीज 10 च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. आठवा प्रसंग गाडी रहदारीत काही मिनिटे थांबलेली असतानाचा. रुग्ण तिथे ठामपणे 0 लिहितो. शेजारच्या खुर्चीवर बसलेली त्याची बायको कागद आपल्याकडे ओढते, परवाच्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने काय शब्द वापरले ते डॉक्टरांना सांगते आणि 0 खोडून 3 करते.