बंदी झाली, सुटकेचं काय?

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली, डिसेंबरात तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळंच गुन्हा. पहिल्यांदा विकताना सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. कारण सांगितलं गेलं की कोवळी मुलं निकोटिनच्या नादी लागतील. कारण खरंच होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये दर चार मुलांमागे एकाहून अधिक मुलं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत होती.

मग मुलांची हीच काळजी बिडी-सिगारेटच्या वेळी कुठे जाते?

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. टपरीवर आजही सुटी सिगारेट मिळते आणि पेटवायला लायटर दोरीला टांगलेला असतो. बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचा निर्णय जीएसटी परिषदेने २०२५ मध्ये घेतला. तंबाखू जाळल्यावर जे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जातात, ते बिडीतही असतातच. माणूस मरतो तो मुख्यतः या धुरामुळे, आणि धूर देणारी वस्तू स्वस्त करायचं ठरतं. याला आरोग्य धोरण म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. व्हेपने सिगारेट सुटते का? ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना निकोटिनचे पॅच, च्युइंगगम वगैरे. दोन्ही गटांना समुपदेशकाची साथ होती. वर्षभराने ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. म्हणजे उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच प्रयोगात ई-सिगारेटच्या आधाराने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. धूर सुटला, निकोटिन सुटलं नाही. आणि शंभरातल्या ब्याऐंशी जणांचा धूरही सुटला नाही.

व्हेपची तरफदारी करणाऱ्यांनी हा सगळा हिशेब मांडावा, फक्त १८ चा आकडा नाही. तिकडे ब्रिटनमध्ये निकोटिनच्या प्रमाणावर कायद्याने मर्यादा आहे आणि सरकारी केंद्रात माणूस समोर बसून बोलतो. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालात निकोटिन किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला उपचार म्हणणं ही फसवणूक आहे.

आणि आपला प्रश्न मुळात वेगळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. विदर्भातला खर्रा, टपरीवरचा मावा, बायकांची मिश्री, मजुराच्या हातावर मळलेली चुना-तंबाखू, यांपैकी एकही गोष्ट व्हेपने सुटणार नाही. बंदी उठवायची की ठेवायची, या वादात ही माणसं कुठेच नाहीत. बंदी राहू द्या. पण बंदी घालून सरकारची जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही.

त्याच पाहणीत देशातल्या ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. या लोकांच्या हातात आपण काय दिलं? निकोटिनची पर्यायी औषधं २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आली. यादीतलं औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवं. आशा सेविका घरोघरी जातात, त्यांच्याकडे तंबाखू सोडवण्याचं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला हवा. सिगारेट-बिडीवरचा कर वाढवा आणि त्यातला ठरलेला हिस्सा याच कामाला द्या. सुटी सिगारेट विकणाऱ्यावर व्हेप विकणाऱ्याइतकीच कडक कारवाई करा. हे केलं, तर २०१९ च्या कायद्यामागे खरोखर आरोग्याचा विचार होता असं म्हणता येईल.

तोवर घरात कुणाला तंबाखू सोडायची असेल, तर वाट बघत बसू नका. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा ती सोडण्यासाठीच्या मदतीचा क्रमांक फुकट आहे. पहिला फोन तुम्ही लावून द्या. आणि पहिल्या प्रयत्नात नाही सुटली, तर त्या माणसाला टाकून बोलू नका, पुन्हा फोन लावा.