तत्त्वतःपंत

सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या इतिहासात दोनच पक्ष सापडतात, मागणारे आणि नाकारणारे. तिसऱ्या पक्षाचं नाव कुठं येत नाही, आणि सगळं प्रकरण लांबवलं ते त्यानंच. त्या पक्षाचे मानकरी म्हणजे आमचे तत्त्वतःपंत.

वस्ती पुणे, पेठ तुम्हाला हवी ती धरा. पेन्शन सरकारी, शेत कुळाकडे, थोरला चिरंजीव कॉलेजात. शिक्षणाची कळकळ मात्र अस्सल. नुसतं 'शिक्षण' म्हटलं की पंतांचे डोळे भरून येत. 'शिक्षणपट्टी' म्हटलं की लगेच कोरडे होत.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन ठेवलं. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचंही थोडं शिकवा, मास्तर शक्यतो नांगर धरता येणारे नेमा. पंत तेव्हा ऐन तारुण्यात. म्हणाले, "मागणी तत्त्वतः रास्त आहे. पण नांगर धरणाऱ्याच्या हाती छडी?" त्याच निवेदनात, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानं आणि खर्च होते वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, असंही म्हटलं होतं. त्या परिच्छेदाशी आल्यावर पंतांचा चष्मा सापडेना.

१९११ मध्ये गोखल्यांनी कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं. सक्ती कसली, नुसती विनवणी! म्युनिसिपालिटीला किंवा लोकल बोर्डाला वाटलं तर, सरकारनं परवानगी दिली तर, आधीच ठरावीक प्रमाणात पोरं शाळेत येत असतील तर, आणि तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्या बापाला फी माफ. एवढे 'तर' पाहून खरं म्हणजे पंतांना आपलंच लेकरू भेटल्यासारखं वाटायला हवं होतं.

वाटलंही. बिलाच्या बाजूनं वर्तमानपत्राला पत्र लिहायला ते भर दुपारी बैठकीवर बसले. कोपऱ्यात गड्याचा आठ-नऊ वर्षांचा पोर पंख्याची दोरी ओढत होता. पंत लिहीत आणि मोठ्यानं वाचून बघत: "प्रजेच्या अज्ञानाने आमचे हृदय विदीर्ण होते..." तोच वारा थांबला.

"काय रे, झोपलास?"

"न्हाई मालक. त्यो कॅलेंडरावरचा सात हाय न्हवं?"

पंत चपापले. "कुणी शिकवलं तुला?"

"शाळंच्या खिडकीतनं बघितला."

"वा! हुशार आहेस हो!" पंतांना मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी त्याच्या हातावर बत्तासा ठेवला आणि दोरी ओढायला सांगितली. मग पत्राकडे वळून त्यांनी पुढचा शब्द लिहिला: 'तथापि'. तथापिच्या अलीकडचा मजकूर पाच ओळींचा होता, पलीकडचा दोन रकान्यांचा झाला. गुरं कोण वळणार, मजूर महागणार, शिकलेला कुणबी शेतात उतरणार नाही, इमारती कुठून आणणार, मुळात लोकांची मागणीच कुठं आहे... पंख्याच्या दोरीचा उल्लेख तेवढा राहून गेला.

कौन्सिलात पंतांचे भाईबंद पुष्कळ होते. सरकारी सभासद होते, मोठे जमीनदारही होते. मार्च १९१२ मध्ये बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पंतांना अतिशय वाईट वाटलं. गोखल्यांच्या चिकाटीवर त्यांनी गावभर स्तुतिसुमनं उधळली. बिल पडल्यावर स्तुतीला खर्च येत नाही.

कुणी बडोद्याचा दाखला दिला, की सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात करून १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्ती केली, तर पंत म्हणत, "तिथं राजा आहे. त्याचा शब्द चालतो." १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड ठेवला, तेव्हा पंत हळहळले, "तिथं राजा आहे, हेच तर वाईट!"

पुढं खुद्द पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीचा प्रश्न आला. मुलींनाही सक्ती हवी म्हणून रमाबाई रानड्यांसारख्या बायका उभ्या राहिल्या. पंत या वेळी डगमगले नाहीत. मुलींचं शिक्षण त्यांना तत्त्वतः मुलग्यांहूनही अधिक मान्य होतं. फक्त आधी मुलगे होऊ देत, मग शिल्लक बघून मुलींचं ठरवू. शिल्लक त्यांच्या हिशेबात कधीच उरली नाही, हा भाग वेगळा.

राज्यघटनेचं मूळ कलम ४५ पंतांनी वाचलं असतं, तर डोक्यावर घेऊन नाचले असते. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य 'प्रयत्न करील'! पंतांना तोंडपाठ असलेलं क्रियापद थेट घटनेत. दहा वर्षं १९६० मध्ये भरली. हक्क म्हणून कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या काळात पंतांची ना कधीच नव्हती.