शेजारती झाली, आता तरी निजा

दुपारी एकच्या सुमारास तंजावरच्या बृहदीश्वराच्या अंगणात पुण्याहून आलेलं एखादं कुटुंब हमखास दिसतं. चपला बाहेर, फरशी तापलेली आणि गाभाऱ्याचं दार बंद. साडेबाराला लागलेलं दार चारला उघडतं, हे कुणीतरी खुणांनी समजावून सांगतं. बाईसाहेब वैतागतात, मुलं सावली शोधत पळतात. कुटुंबप्रमुखाच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू समाधान पसरू लागतं. राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं हे देऊळ, दोनशे फुटांहून उंच शिखर, आणि आतला देव चक्क एक ते चार पाळतो! ज्या सवयीवरून सगळा महाराष्ट्र आपल्याला हसतो, तिला थेट कैलासाहून मान्यता आली, असं त्याला वाटतं. वाटू द्यावं.

तमिळ मुलखात देवाच्या झोपेची व्यवस्था खरोखरच चोख आहे. शिवमंदिरांत रात्रीची शेवटची पूजा झाली, की शंकराच्या पादुका छोट्या पालखीतून अंबेच्या शेजघरात नेतात. दुधाचा नैवेद्य दाखवतात, गाणं म्हणतात आणि दार लावून घेतात. पंढरपूरची शेजारती पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. आपला विठोबा तर आषाढीला निजतो तो कार्तिकीलाच उठतो, आणि त्याला आळशी म्हणायची कुणाची छाती नाही.

कुंभकोणमच्या शारंगपाणी मंदिरातला विष्णू मात्र अर्धवट उठलेला आहे. तिरुमळिसै आळवारांनी त्याला उठून बोलायला सांगितलं, तो उठू लागला, तेवढ्यात भक्ताला भरून आलं आणि देव तसाच राहिला, अशी कथा सांगतात. गजर बंद करून ‘आणखी पाच मिनिटं’ म्हणणाऱ्याला हे ध्यान अगदी घरचं वाटेल.

भक्तांच्या वाट्याला काय येतं? जागरण. तंजावरपासून वीसेक किलोमीटरवरच्या मेलट्टूर गावात नृसिंह जयंतीला भागवत मेळा होतो. प्रल्हादाचं नाटक रात्री सुरू होतं, आणि नृसिंह प्रकट होईपर्यंत पहाट होते. मार्गळी महिन्यात, म्हणजे ऐन डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात, देवळांत पहाटे चारला तिरुप्पावै सुरू होते. आंडाळनं ती रचली तेव्हाही झोपाळूंनी तिला दमवलं असावं, कारण तीस पाशुरांपैकी दहा पाशुरं मैत्रिणींना अंथरुणातून उठवण्यातच खर्ची पडली आहेत.

मराठी माणसानं तंजावरला नेलं ते कीर्तन. भोसल्यांच्या या राजधानीत एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं गाजली. त्यांच्या वळणावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली, आणि आपली साकी-दिंडी तिथलीच होऊन गेली. पण कीर्तन गेलं तिथं डुलकीही गेलीच असणार. तंजावरात रामदासी मठही आहे, आणि झोपेचं मराठीतलं सर्वांत बारीक निरीक्षण समर्थांचंच. दासबोधाच्या अठराव्या दशकातला नववा समास पाहावा. कुणी कडाकडा जांभया देतो, कुणी दचकून चहूकडे बघतो, एक तर असा कोलमडतो की वीणाच फोडून ठेवतो. श्रोत्यांकडे तोंड करून बसलेल्यालाच हे असं दिसू शकतं.

तंजावरची मान डोलावणारी बाहुली प्रसिद्ध आहे. ती ज्यांना विकत घ्यायची नसेल त्यांनी जेवणानंतरची कुंभकोणमची बस पकडावी. तिथं प्रत्येक बाकावर दोन-दोन फुकट डोलत असतात. दुसरी बाहुली बुडाशी गोल आणि जड. आडवी पाडली की पुन्हा ताठ. निजणं तिला जमतच नाही. चेन्नईत बसून अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा घरचा मुलगा सुट्टीला आला, की दोघांत फरक सांगणं अवघड जातं.

दिवसा तो पेंगतो, त्यावर घरचा उपाय म्हणजे डिग्री कॉफी, पितळी डबऱ्यात फेसाळलेली. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि त्यानं झोप येते. कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, एवढंच. झोप जात नाही, दाराबाहेर ताटकळते. शिवाय कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री अकरालाही जागंच असतं. मग मुलगा छताकडे बघत पडतो आणि आई म्हणते, दृष्ट लागली.

आयुर्वेद या बाबतीत उदार आहे. चरकानं आहाराच्या जोडीला झोपेला शरीराचा आधार मानलं. दिवसा निजू नये, उन्हाळ्यात चालेल, असा दंडक घातला आणि लगेच सवलतींची यादीही दिली. तिच्यात गाऊन थकलेले आणि अभ्यासानं थकलेलेही आहेत. त्यागराजांच्या या मुलखात गाणारे घरोघर, आणि अभ्यासाला सरस्वती महाल ग्रंथालय! दुपारी जागं राहायला इथं कुणाला कारणच उरत नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी औषधोपचारासाठी धन्वंतरी महाल उभारला, नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या. डोळे उघडण्याची सोय राजानं केली. मिटण्याची ज्यानं त्यानं करायची होती.

ती फारशी झालेली नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या दोन निद्रासंस्थांनी २०१५ मध्ये एकमतानं सांगितलं. त्याहून कमी झोपेची सवय लागली, की वजन, रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांची शक्यता वाढते. रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा १९६३-६४ च्या हिवाळ्यात सलग २६४ तास जागला, तेव्हा त्याचं कौतुक झालं. पुढे गिनेसवाल्यांनी जागरणाचे विक्रम नोंदवणंच बंद केलं. विमानातून उडी मारणाऱ्यांची नावं ते अजून लिहून घेतात, हे लक्षात घ्यावं.

विक्रम न करताही धोका आहेच. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्याचं भान, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्याइतकं किंवा त्याहूनही ढळलेलं असतं, असं प्रयोगांत दिसून आलं. गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारच्या तिरुप्पावैसाठी उठलेला, दिवसभर देवळं पाहिलेला, थेंबही न घेतलेला सज्जन रात्री दहाला चेन्नईच्या रस्त्याला लागतो, तेव्हा कायद्याच्या त्या रेषेपलीकडे गेलेला असतो. नाक्यावरच्या पोलिसाच्या नळीत फुंकून तो सुखरूप सुटेल, कारण नळीला जागरण कळत नाही. तेव्हा तंजावरला गेलात तर मुक्काम करा, रात्री देवाला निजवलेलं पाहा, खोलीवर येऊन तुम्हीही निजा, आणि गाडी सकाळी काढा.