खाडीवरचे फोटोकाका

पनवेलमध्ये माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे तीन वाटा असतात : वडाळे तलावाभोवती फेऱ्या, सोसायटीचं सचिवपद आणि कॅमेरा. पहिलीने रक्तदाब उतरतो, दुसरीने चढतो आणि तिसरीने फंड संपतो. फोटोकाका तिसऱ्या वाटेचे वाटसरू.

सुरुवातीला ते पक्षी टिपायला कर्नाळ्याला जात. पण पक्ष्यांना उडायची वाईट खोड. होडी बिचारी बांधलेली असते. म्हणून काकांनी आपला मोर्चा कोळीवाड्यालगतच्या खाडीकडे वळवला. तिपाई चिखलाने बरबटू नये म्हणून तिच्या तिन्ही पायांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या रबरबँडने बांधलेल्या. स्वतःच्या पायांत मात्र मुलाने अमेरिकेहून पाठवलेले पांढरेशुभ्र बूट.

काकांचा शास्त्राधार पक्का. चित्र एकास दोन या प्रमाणात विभागावं, हे जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली लिहून ठेवलंय, हे ते मासळी निवडणाऱ्या मावशींनाही ऐकवतात. ‘क्षितिज मधोमध नको, नाळेपुढे मोकळं पाणी हवं.’ मावशी म्हणतात, ‘दादा, बाजूला व्हा, उजेड अडतोय.’ प्रकाशयोजनेवरचं इतकं नेमकं भाष्य काकांच्या कार्यशाळेतही कुणी केलं नव्हतं.

नारळी पौर्णिमेला चंद्रोदयाचा फोटो घ्यायला काका संध्याकाळीच दाखल. होड्या सजलेल्या, चंद्र वेळेवर. फक्त पाणी रजेवर. होड्या चिखलात आडव्या. काठावर जाळं शिवत बसलेले म्हातारबाबा म्हणाले, ‘पुनवेला कशाला येता? आठमीला या.’ हिशेब सोपा होता : तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीचे आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास खाडीत भरती. पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणून दिवेलागणीला नेमकी ओहोटी. काकांच्या मोबाइलमध्ये हवामानाची चार ॲप होती. तिथी मात्र घरच्या भिंतीवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली दडली होती.

अष्टमीला पाणी आलं, तसे काकांनी दहा स्टॉपचा काळा फिल्टर चढवला. सेकंदाच्या साठाव्या भागाचं काम आता सुमारे सोळा सेकंद चालणार आणि पाणी रेशमासारखं होणार! झालंही. पण सोळा सेकंद होडी डुलत राहिली, त्यामुळे एका होडीच्या जागी चार भुतं उमटली. होडी स्थिर हवी तर ओहोटी, पाणी हवं तर भरती. या पेचावर काकांनी संपादनाचा तोडगा काढला.

संपादन म्हणजे काकांचं खरं माहेर. खारफुटीत अडकलेलं प्लास्टिक पुसलं, विमानतळाचं विमान पुसलं, विजेची तार पुसली. आभाळ फिकं वाटलं म्हणून ते बदललं. नवं आभाळ केशरी, खालचं पाणी मात्र राखाडीच राहिलं. शिवाय मावळता सूर्य त्यांनी प्रबळगडामागे बसवला. प्रबळगड पनवेलच्या पूर्वेला. एवढी मोठी घडामोड होऊनही सोसायटीच्या ग्रुपवर एकाहत्तर अंगठे आले. भूगोलाच्या निवृत्त बाईंनी तेवढे नुसते हात जोडले.

मग काका चौकटीत बसवलेला फोटो घेऊन होडीमालकाकडे गेले. मालकाने तो लांब धरून पाहिला.

‘नंबर कुठं गेला?’

‘नजर तिकडेच जात होती, म्हणून काढला.’

‘बिननंबराची होडी चोरीची वाटते, काका. आणि झेंडा?’

‘आडवा येत होता.’

‘आणि ही डावीकडची ठेवलीत ती? ती चुलतभावाची. तिलाच कापा.’

काकांना बरंच समजवावं लागलं असतं, पण मालकाच्या हातात कोयता होता. घरी येऊन त्यांनी मूळ फोटो उघडला, नंबर राखला, झेंडा राखला, खरं आभाळ राखलं आणि डावीकडचा चुलतभाऊ काढून टाकला. होडी आपसूक एकतृतीयांशावर येऊन बसली, नाळेपुढे पाणीही मोकळं झालं.

हल्ली काका नवशिक्यांना रचना शिकवतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, ‘होड्यांच्या मालकांत वाद कुणाकुणाचा आहे?’