मूलद्रव्यांच्या सोयरिकी जुळवा : नवशिक्यांसाठी

साहित्य : मीठदाणी, चुन्याची डबी, दहा-सव्वीस खताचं रिकामं पोतं. प्रयोगशाळा नको, वडनेर भोलजीत बसल्या जागी सगळं मिळतं.

आधी भावकी समजून घ्या. मेंडेलीव्ह नावाच्या रशियन गृहस्थाने १८६९ साली मूलद्रव्यांची वंशावळ मांडली. आज तीत ११८ नावं आणि १८ उभ्या ओळी आहेत. एका ओळीतले सगळे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही असं धरून चाला. (होते, पण नवशिक्यांना अपवाद सांगायचे नसतात.)

पहिल्या ओळीतल्या सोडियमला एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळं व्हायचं असतं, सतराव्या ओळीतल्या क्लोरीनला नेमका एकच कमी पडतो. स्थळ पत्रिका न बघता जुळतं. एक पाण्यात पडताच पेटणारा, दुसरा विषारी वायू. संसार मात्र वरणाला चव आणतो.

आता शेतात चला. पूर्णेचा खारपाणपट्टा आपल्या नांदुरा तालुक्यातही आहे. तिथे सोडियम चिकणमातीला असा बिलगतो की माती फुगते, पाणी मुरत नाही. विहिरीचं पाणी द्यावं तर ते खारं, जमीन आणखी बिघडते. त्याला हुसकायला दुसऱ्या ओळीतला कॅल्शियम लागतो, म्हणून जिप्सम टाकतात. कॅल्शियम मातीचा हात धरतो, सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. अर्थात निचरा असेल तर. कॅल्शियमला फार डोक्यावर घेऊ नका. पाण्यात तो जास्त झाला की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. चुना-तंबाखूचा प्रयोग अनुभवी मंडळींवर सोडा.

ज्या सोडियमला हाकललं त्याचा सख्खा भाऊ पोटॅशियम आपण पैसे मोजून आणतो. पोत्यावर वाचा : १०:२६:२६. शेवटचे सव्वीस पालाशचे, म्हणजे त्याचे. आधीचे नत्र आणि स्फुरद पंधराव्या ओळीतले भाऊ. त्यांच्या पाठचा आर्सेनिक. त्याला पोत्यात घेत नाहीत.

अठराव्या ओळीत स्थळ घेऊन जाऊ नका. हेलियम फुग्यात, निऑन दुकानाच्या पाटीत, अर्गॉन बल्बमध्ये, सगळे ब्रह्मचारी.

शेवटचा धडा खामगावच्या चांदीवर. जोडवी काळी पडली की समजा, हवेतल्या गंधकाने तिला गाठलं. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर जोडवी, चमचाभर खायचा सोडा, उकळतं पाणी. थोड्या वेळात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमचा हात धरतं. पोलीस पाटलाला कळवायची गरज नाही.